किब्राला स्वतःचा खासदार मिळाला, वस्तीला काय मिळालं?

नैरोबीकर (धागाकर्ता)

केनियाचे माजी पंतप्रधान राइला ओडिंगा गेले. केरळात उपचार चालू असताना १५ ऑक्टोबर २०२५ ला वारले, पार्थिव मुंबईहून केनिया एअरवेजच्या विमानाने नैरोबीला आलं. माणूस मोठा होता, त्यावर पुष्कळ लिहून झालंय. मला त्यांच्या जुन्या मतदारसंघावरून भांडण काढायचंय.

१९९२ ते २०१३ ते नैरोबीतल्या लांगाटाचे खासदार होते. तेव्हाच्या लांगाटात एका टोकाला कॅरन होतं, म्हणजे मोठाले प्लॉट, झाडीत लपलेले बंगले, गेटवर रखवालदार. दुसऱ्या टोकाला किबेरा, म्हणजे पत्र्याच्या आणि मातीच्या दहा बाय दहाच्या खोल्या. २०१२ च्या फेररचनेत नैरोबीच्या ८ मतदारसंघांचे १७ झाले. लांगाटाचे दोन तुकडे पडले आणि किबेरा वस्तीभोवती रेघ मारून 'किब्रा' हा नवा मतदारसंघ निघाला. लैनी साबा, लिंडी, माकिना, सारांगोम्बे आणि वुडली-केन्याटा गोल्फ कोर्स असे पाच वॉर्ड. मधूनमधून थोड्या मध्यमवर्गीय वसाहती आहेत, पण मतं वस्तीचीच.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. ही रेघ चुकली.

जुन्या लांगाटात निवडून यायचं तर कॅरनच्या हिरवळीवर चहा प्यावा लागे आणि लैनी साबाच्या चिखलातही उतरावं लागे. दोन्हीकडची गाऱ्हाणी एकाच ऑफिसात यायची. आता लांगाटाच्या खासदाराला किबेराकडे ढुंकून बघायचं कारण उरलेलं नाही, आणि किब्राच्या खासदाराचा शब्द कॅरनमध्ये कुणी ऐकत नाही. गरिबी एका कुंपणात घालून तिला एक प्रतिनिधी देऊन टाकला, झालं.

बरं, त्या प्रतिनिधीच्या हातात तरी काय आहे? २०१० च्या राज्यघटनेनंतर पाणी, कचरा, दवाखाने हे काउंटीकडे, म्हणजे गव्हर्नरकडे गेलं. जमिनीचा निर्णय राष्ट्रीय सरकारकडे. किबेराचं दुखणं नेमकं जमीन, पाणी आणि संडास हेच. खासदाराच्या हातात उरतो तो एनजी-सीडीएफ, मतदारसंघ विकास निधी. त्यातून शाळेच्या खोल्या बांधायच्या आणि बर्सरीचे, म्हणजे फीच्या मदतीचे, चेक वाटायचे. २३ जुलै २०१८ ला नवीन जोडरस्त्यासाठी बुलडोझर आले तेव्हा हजारो लोक एका दिवसात उघड्यावर पडले, शाळाही गेल्या. आधी पुनर्वसनाचा आराखडा करायचं ठरलेलं असताना. स्वतःचा खासदार असून काय उपयोग झाला?

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो. २०१९ च्या पोटनिवडणुकीत प्रचार कशावर झाला? किब्रा ही 'बाबांची बेडरूम' आहे, परक्यांनी पाऊल ठेवायचं नाही. बाबा म्हणजे राइला. त्यांच्या ओडीएम पक्षाचे इम्रान ओकोथ २४,६३६ मतं घेऊन निवडून आले. सत्ताधारी ज्युबिलीने इंटर मिलानकडून खेळलेला फुटबॉलपटू मॅकडोनल्ड मारिगा उतरवला होता, त्याला ११,२३०. एलियुद ओवालो ५,२७५ वर. २०१३ पासून आजवर ही जागा ओडीएमकडून हललेली नाही. तिकडे उरलेल्या लांगाटात २०१३ ला ओडीएम, २०१७ ला ज्युबिली, २०२२ ला परत ओडीएम. जिथे जागा पडू शकते तिथेच मतदाराला भाव असतो. किब्रात तिकीट मिळालं की निवडणूक संपली.

चाफा

धागा चांगला, मत साफ चूक.

एकवीस वर्षं तो मिश्र मतदारसंघ होता ना? आणि खासदार कोण, तर देशातला विरोधी राजकारणाचा सगळ्यात मोठा नेता, २००८ ते २०१३ तर पंतप्रधान. त्या एकवीस वर्षांत कॅरनच्या शेजारामुळे किबेराला नेमकं काय मिळालं ते एका वाक्यात सांगा. प्लास्टिकच्या पिशवीत संडास करून ती रात्री फेकायची, या प्रकाराला 'फ्लाइंग टॉयलेट' हे नाव जगभर गाजलं ते त्याच काळात.

एकाच ऑफिसात गाऱ्हाणी यायची म्हणता. येत असतील. पण फोन कुणाचा आधी उचलला जातो हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. कॅरनवाल्याची बोअरवेल असते, पोरं खासगी शाळेत, दवाखाना खासगी. त्याला खासदाराकडून हवी असते ती एकच गोष्ट, शेजारी वस्ती वाढू नये. हे दोघं एका मतदारसंघात म्हणजे एकमेकांचे मित्र झाले असं थोडंच आहे.

आणि केन ओकोथ? किब्राचा पहिला खासदार. किबेरातल्या किसुमु नडोगोत वाढलेला, शिष्यवृत्तीवर स्टारेहे बॉइजमध्ये शिकला, पुढे अमेरिकेत शिकून तिथे शिकवलं आणि परत आला. 'एलिमू क्वांझा', आधी शिक्षण, ही त्याची घोषणा आणि निधीही त्याने तिकडेच वळवला. आतड्याच्या कॅन्सरने २६ जुलै २०१९ ला गेला. अंत्यविधी कारिओकोरच्या स्मशानभूमीत दहन करून झाला, लुओ समाजात दफनाची रीत पक्की असताना, आणि त्यावरून कुळातले लोक चिडलेही. असा स्वतःच्या डोक्याने चालणारा माणूस राइलांच्या हयातीत जुन्या लांगाटाचा खासदार झाला असता? ती जागा राइलांनी स्वतःसाठी ठेवलेली. जुन्या घटनेत राष्ट्राध्यक्ष व्हायचं तर खासदारकीही जिंकावी लागायची. रेघ मारली म्हणून जागा मोकळी झाली.

सरळमार्गी

+१ चाफा. पोटनिवडणुकीत त्याच केन ओकोथचा भाऊ उभा राहिला आणि जिंकला हे मात्र सोयीस्कर विसरलात.

चाफा

विसरले नाही. २०२२ ला पक्षाने भावाऐवजी पीटर ओरेरोंना उभं केलं, दगोरेट्टी हायस्कूलचे माजी प्राचार्य. घराणेशाही तीन वर्षांत आटोपली. आपल्याकडे इतक्यात आटोपते का?

माहीमची_खाडी

आपल्याकडचं निघालंच आहे तर सांगतो. धारावीला विधानसभेत स्वतःचा मतदारसंघ आहे आणि लोकसभेत ती दक्षिण-मध्य मुंबईत माहीम, वडाळा, चेंबूरबरोबर जाते. म्हणजे धागाकर्त्याचा 'मिश्र' आणि चाफाताईंचा 'वेगळा' हे दोन्ही प्रयोग एकाच वस्तीवर कित्येक वर्षं चालू आहेत. वेगळ्या जागेवर १९९९ ला एकनाथ गायकवाड, २००४ पासून चार वेळा वर्षा गायकवाड, २०२४ ला ज्योती गायकवाड. मिश्र जागेवर कधी काँग्रेस, कधी शिवसेना. पुनर्विकासाचा निर्णय मात्र ना आमदाराच्या हातात राहिला ना खासदाराच्या. तो मंत्रालयात झाला. तेव्हा रेघेवर एवढं डोकं आपटण्यात अर्थ नाही असं माझं मत.

आता खरा धागा जुळतो तो वेगळाच. जुन्या युगांडा रेल्वेचे रूळ किबेराच्या मधोमध जातात. रुळांवर बाजार भरायचा, गाडी आली की पाल गुंडाळायचं, गेली की परत पसरायचं. जानेवारी २००८ मध्ये निवडणुकीच्या दंगलीत लोकांनी तेच रूळ उखडून टाकले होते. तर हे रुळांलगतचे लोक हलवायचे कसे हे बघायला केनियाचे अधिकारी मुंबईत आले होते. आपल्याकडे लोकलच्या रुळांलगतच्या झोपड्यांचं पुनर्वसन झालं, त्यात वस्तीतल्या बायकांनीच घरोघर जाऊन मोजणी केली होती, झोपडीवासीयांचे नेते जॉकिन अर्पुथम आणि स्पार्क ही संस्था यांच्या पुढाकाराने. तोच धडा किबेरा आणि मुकुरूच्या रुळांलगत गिरवला गेला. आधी मोजणी, याद्या भिंतीवर लावायच्या, हरकती ऐकायच्या, मग हलवायचं. २०१८ च्या रस्त्याच्या वेळी असं झालं नाही, आणि फरक दिसला. खासदार कोण होता याने फरक पडला नाही.

आकडेबाज

दोन्ही बाजू भावनेवर चालल्या आहेत. जरा हिशेब करू.

केनियाच्या घटनेच्या ८९ व्या कलमात मतदारसंघ २९० च असतील असं लिहिलंय. लोकसंख्या भागिले २९० ही सरासरी. शहरात आणि विरळ वस्तीच्या भागात त्यात ४० टक्के वरखाली चालतं, बाकीकडे ३० टक्के. २००९ च्या जनगणनेत देश ३,८६,१०,०९७, म्हणून सरासरी १,३३,१३८. शहराची वरची मर्यादा साधारण १,८६,३९३. आणि लांगाटा किती होता? ३,५५,१८८. जवळजवळ दुप्पट.

म्हणजे लांगाटा तोडायचा की नाही हा प्रश्नच नव्हता. तोडावाच लागणार होता. नैरोबीकर, तुम्ही 'तोडला हे चुकलं' म्हणता तेव्हा तुम्हाला म्हणायचं असतं की 'आडवा तोडला हे चुकलं, उभा तोडायला हवा होता'. मग तसं म्हणा. त्याच कलमात समान हितसंबंधांचा समाज एकत्र ठेवायचाही विचार करा असं आहे, निवडणूक आयोगाने ते धरलं असणार.

आता किबेराच्या आकड्याची गंमत. संस्थांच्या पत्रकांत, टूर कंपन्यांच्या पानांवर दहा लाख लोकसंख्या, 'आफ्रिकेतली सर्वात मोठी झोपडपट्टी' वगैरे. २००९ च्या जनगणनेत निघाले १,७०,०७०. लोक भडकले, मोजलंच नाही म्हणाले. २०१९ ला अख्ख्या किब्रा उपकाउंटीचे १,८५,७७७, क्षेत्रफळ साधारण १२ चौरस किलोमीटर. मथारे उपकाउंटी घनतेत याच्या चौपटीहून जास्त आहे, पण तिकडे कॅमेरे जात नाहीत.

आणि हे बघा: २०१७ च्या यादीत किब्राचे मतदार १,१८,६५८. पाळण्यातल्या पोरापासून धरून एकूण माणसं १,८५,७७७ असतील तर जवळजवळ प्रत्येक प्रौढाचं नाव यादीत आहे असं निघतं. भाडेकरूंच्या वस्तीत हे होत नाही. एक तर जनगणनेत माणसं सुटली, नाहीतर सोडून गेलेल्यांची नावं यादीत राहिली. २०१९ ला पहिल्या तिघांची मतं मिळून ४१,१४१, नोंदणीच्या जेमतेम ३५ टक्के. धागाकर्त्याने 'बेडरूम'वर तोंडसुख घेतलंय, पण मालकाच्या हाकेला दोन-तृतीयांश लोक उठलेच नाहीत.

मांडवीकाठ

गोव्याकडून एक भर. अवांतर वाटलं तरी नाही.

१९६३ च्या, स्वातंत्र्याच्या तोंडावरच्या निवडणुकीत आजच्या लांगाटा-किब्राचा पूर्वज म्हणावा असा नैरोबी साउथ मतदारसंघ होता. तिथून निवडून आले जोसेफ मुरुंबी. वडील गोंयकार, आई मासाई, शिक्षण भारतात. १९६६ मध्ये ते केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी राजीनामाही दिला. नैरोबीतल्याच पार्कलँड्समधून फिट्झ डिसोझा, गोवेकर वकील, पुढे संसदेचे उपसभापती. मुरुंबींचे जवळचे मित्र पियो गामा पिंटो, तेही गोंयकार, खासदार असतानाच २४ फेब्रुवारी १९६५ ला नैरोबीत स्वतःच्या घराच्या फाटकाशी गोळ्या घालून मारले गेले.

आणि १९७९ ला लांगाटातून कोण? फिलिप लीकी. गोरा केनियन, उत्खननवाल्या लुई लीकींचा मुलगा. १९९२ ला राइलांनी त्यांना पाडलं. म्हणजे एकाच मतदारसंघाने गोवेकर-मासाई, गोरा आणि लुओ असे तीन खासदार दिले. रेघ मारल्यावर किब्राने दिले ते सगळे ओडीएमचे. धागाकर्त्याच्या बाजूने एवढा पुरावा बास.

चाफा

मांडवीकाठ, इतिहास छान सांगता, पण लीकींची १९८८ ची निवडणूक कशी झाली तेही सांगा की. एकच पक्ष कानू, त्याच्या उमेदवारीसाठी गुप्त मतदान नाही, उमेदवारांमागे रांगा लावून उभं राहायचं, मलोलोंगो. ज्याच्या मागे रांग लांब तो जिंकला, आणि कोणती रांग लांब ते साहेब सांगणार. त्याला सर्वसमावेशकतेचा पुरावा म्हणत असाल तर कठीण आहे.

मांडवीकाठ

१९६३ ला रांगा नव्हत्या.

खडूफळा

बरेच दिवस वाचते आहे इथे, पहिल्यांदाच लिहिते. नवऱ्याच्या नोकरीमुळे नैरोबीत असते, लिंडीतल्या एका छोट्या शाळेत शनिवारी गणित शिकवायला जाते. वरचं सगळं वाचलं. 'बर्सरीचे चेक वाटायचे, झालं' हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने तो फॉर्म कधी भरून बघावा.

जानेवारीत फॉर्म येतात. चार पानं. शाळेचा प्रवेश क्रमांक, शाळेने शिक्का मारून दिलेला फीचा तक्ता, आईवडिलांच्या ओळखपत्राच्या झेरॉक्स, चीफची सही. चीफ म्हणजे इथला सरकारी अधिकारी, त्याच्या ऑफिसबाहेर सकाळी सातपासून बायका पुठ्ठे टाकून बसलेल्या असतात. बाप गेलेला असेल तर मृत्यूचा दाखला, तो नसेल तर आणखी एक पत्र. माझ्याकडे आठवीची एक मुलगी फॉर्म घेऊन आली होती, 'घरचे उत्पन्न' या रकान्यासमोर पेन धरून बसलेली. आई धुणीभांडी करते, कधी काम मिळतं कधी नाही. म्हणाली, शून्य लिहिलं तर खोटं वाटेल आणि आकडा लिहिला तर देणार नाहीत. शेवटी 'किबारुआ' लिहिलं, म्हणजे रोजंदारी. चेक पालकाच्या हातात मिळत नाही, शाळेच्या नावाने निघतो. बोर्डिंग शाळेची वर्षाची फी पन्नास हजार शिलिंगांच्या घरात आणि चेक त्याच्या एका कोपऱ्याएवढा. पण तेवढ्यावर मुलगी शाळेच्या फाटकातून आत जाते, नाहीतर फाटकावरूनच परत पाठवतात. तेव्हा 'उपयोग काय' असं कॅरनकडून विचारणं सोपं आहे.

पण चाफाताई, तुमच्याही बाजूने मी पूर्ण नाही. निधीतून खोल्या बांधल्या जातात त्या सरकारी शाळांना. सरकारी शाळा वस्तीच्या कडेकडेने आहेत. आत, जिथे गर्दी आहे तिथे, आमच्यासारख्या पत्र्याच्या खासगी शाळा. सरकारी निधी आमच्या शाळेला मिळू शकत नाही कारण जमिनीचा कागद नाही. कागद कुणाकडेच नाही. घरं ज्यांची आहेत त्यांच्याकडे फक्त बांधकाम आहे, जमीन सरकारची, आणि त्यातले बरेच घरमालक इथे राहतही नाहीत. राहतात ते भाडेकरू. फक्त न्यूबियन समाजाला २०१७ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटांनी २८८ एकरांचा सामूहिक कागद दिला. ब्रिटिशांच्या फौजेतले सुदानी शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे वसवले होते, त्यांचे हे वंशज. शंभर वर्षं थांबल्यावर मिळाला.

पाण्याचंही तसंच. जमिनीखालून पाइप टाकला की दुसऱ्या दिवशी कुणीतरी कापतो, कारण जो वीस लिटरचा कॅन विकतो त्याचा धंदा बुडतो. म्हणून शोफ्को या संस्थेने पाइप खांबांवरून वरतून नेले. आता मान वर केली की विजेच्या तारांच्या जोडीला पाण्याचे पाइप. हे खासदाराने केलं नाही आणि गव्हर्नरनेही नाही.

भांडण कॅरन विरुद्ध किबेरा असं तुम्ही लोक समजताय. इथे आत ते भाडेकरू विरुद्ध घरमालक असं आहे. घरं सुधारली की भाडं वाढतं आणि भाडेकरू पुढच्या वस्तीत जातो. कुठलाही खासदार त्यात हात घालत नाही, कारण मतं भाडेकरूची आणि निवडणुकीचा खर्च करणारा घरमालक.

नैरोबीकर

खडूफळाताई, फॉर्मबद्दल लिहिलंत ते उत्तम. पण तुमचा शेवटचा परिच्छेद माझ्याच बाजूने जातो. वस्तीपुरता मतदारसंघ काढला की त्यातला सगळ्यात वजनदार माणूस कोण उरतो? दहा-वीस खोल्यांचा घरमालक. मोठ्या, मिश्र मतदारसंघात तो किरकोळ असतो. राइलांना त्याची गरज नव्हती. म्हणूनच ते पंतप्रधान असताना किबेरातल्या सोवेटो ईस्टचे लोक २००९ मध्ये लांगाटा रोडलगतच्या नव्या इमारतींत हलवता आले, घरमालक कोर्टात गेले तरी.

आकडेबाज, मान्य, तोडावाच लागणार होता. मग उभा तोडा. दोन्ही तुकड्यांत अर्धं किबेरा आणि अर्धे बंगले. संख्याही बसते.

चाफा

ती सोवेटो ईस्टची घरं मुळात किती? सहाशे. लाखाच्या वर वस्तीत सहाशे. पंतप्रधान खासदार असून सहाशे, हा मिश्र मतदारसंघाचा पराक्रम. पुढची ८२२ घरं २०१६ ला ताब्यात दिली, तेव्हा किब्रा वेगळा होऊन तीन वर्षं झाली होती.

आणि उभं तोडून काय होईल ते सांगते. वस्तीची मतं दोन ठिकाणी विभागतील, दोन्हीकडे उमेदवार सुटाबुटातला, लांगाटाकडचा असेल. किसुमु नडोगोतला पोरगा पुन्हा फक्त सतरंज्या उचलेल.

सरळमार्गी

तुम्ही सगळे ज्या निधीवरून एवढं भांडताय त्याचं काय झालं ते कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

हा निधी २००३ पासून चालू आहे. राष्ट्रीय सरकारच्या वाट्याच्या महसुलाच्या किमान अडीच टक्के बाजूला काढायचे आणि २९० मतदारसंघांत वाटायचे, मोठा हिस्सा सगळ्यांना सारखा. कायदा करणारा खासदार, पैसे वाटण्यातही त्याचाच हात आणि देखरेखही त्याचीच, हे घटनेत बसत नाही म्हणून लोक पुनःपुन्हा कोर्टात गेले. २०१३ चा कायदा सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये रद्द ठरवला. तोवर २०१५ चा नवा कायदा आलेला होता, तोही हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला आणि ३० जून २०२६ ला निधी बंद करा म्हणून सांगितलं. खासदारांनी काय केलं? २०२५ च्या जुलैत निधी घटनेतच घालायचं दुरुस्ती विधेयक नॅशनल असेंब्लीत मंजूर करून टाकलं. बाकी कशावर एकमत होत नाही, यावर झालं.

निधी गेला तर किब्राच्या खासदाराकडे फक्त भाषण उरतं. मग ताईंच्या शाळेतल्या मुलीने फॉर्म कुठे न्यायचा? काउंटीच्या वेगळ्या बर्सऱ्या आहेत, त्यांचीही तीच रांग. आणि हो, निधी सगळ्यांना जवळपास सारखा वाटण्यात एक मोठी मेख आहे, आकडेबाज सांगतीलच.

आकडेबाज

सांगतो. २०१९ ची जनगणना: देश ४,७५,६४,२९६, सरासरी १,६४,०१५. नैरोबी ४३,९७,०७३. भागून बघा, नैरोबीचे २७ मतदारसंघ व्हायला हवेत. आहेत १७. ४० टक्क्यांची पूर्ण सवलत धरली तरी २० च्या खाली जाता येत नाही. नैरोबीत एका खासदारामागे सरासरी २,५८,६५१ माणसं, आणि लामू ईस्टमध्ये बावीस हजारांच्या आसपास. लामूसारखे २७ लहान मतदारसंघ २०१० च्या घटनेने पहिल्या फेररचनेत राखून ठेवले होते. दोन्हीकडे निधीचा मोठा हिस्सा सारखाच.

किब्रा त्या मानाने सरासरीच्या जवळ आहे. उपाशी आहेत ते एम्बाकासी आणि कसारानीकडचे लोक. नैरोबीतल्या गरिबाला प्रतिनिधित्व मिळत नाही असं म्हणायचं असेल तर तिकडे बघा. किबेरा प्रसिद्ध आहे म्हणून त्याच्यावर धागे निघतात.

फेररचना आठ ते बारा वर्षांत व्हायला हवी, मागची मार्च २०१२ ची. बारा वर्षं मार्च २०२४ ला संपली. तेव्हा निवडणूक आयोगात आयुक्तच नव्हते, जानेवारी २०२३ पासून खुर्च्या रिकाम्या, नवे आयुक्त २०२५ च्या जुलैत आले. तेव्हा नैरोबीकर, तुमचा उभा-आडवा वाद हवेतला नाही, नकाशा उघडणारच आहे कधीतरी. फक्त लांगाटा आणि किब्रा पुन्हा जोडायचं विसरा. दोन्ही मिळून ३,८३,२६६ होतात, मर्यादा २,२९,६२१.

नैरोबीकर

जोडा म्हणतच नाही. रूळ वस्तीच्या मधून जातात, तीच नैसर्गिक रेघ आहे. रुळांच्या अलीकडचं किबेरा एका मतदारसंघात, पलीकडचं दुसऱ्यात, आणि दोघांना लांगाटाचा एकेक तुकडा. २०२७ च्या ऑगस्टमध्ये निवडणूक आहे, त्याच्या आत होणार नाही, पण २०३२ साठी मी हीच मागणी करेन. बाबा गेले, आता बेडरूमची किल्ली कुणाकडे यावर ओडीएममध्येच मारामारी होईल. निदान दोन दरवाजे तरी असू देत.

माहीमची_खाडी

रुळांनी वस्ती कापायची? मुंबईत पूर्व-पश्चिम करून आम्ही काय मिळवलं ते विचारा एकदा.

चाफा

२०२७ ला किब्रात चुरस झाली तर हा धागा वर काढीन. राइलांशिवायची ही पहिलीच निवडणूक, तुमच्या 'तिकीट मिळालं की संपली'ची परीक्षा तिथेच होईल. मारिगाला अकरा हजार मतं पडली तीही राइला स्वतः प्रचारात उतरलेले असताना.

खडूफळा

नैरोबीकर, रेघ रुळांवरून मारायची तर आयोगाला आधी माकिनातल्या न्यूबियन आजोबांकडे पाठवा. २८८ एकरांच्या कागदासाठी त्यांच्या तीन पिढ्या गेल्या, तो एकाच खासदाराच्या हद्दीत राहावा एवढं तरी ते मागतीलच. आणि त्यांच्या खोल्यांत भाड्याने राहणारे मागतील ते उलटं. त्या दोघांना एका बाकावर बसवून तुमचा नकाशा दाखवा, मी दुभाषी म्हणून येते.